चासीतले आटे गेले? ड्रिल हातात घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडीचं क्लचचं काम करून आणलं आणि आठवड्याच्या आत पुढून डावीकडे खटखट सुरू झाली. ब्रेक मारला की एकदा, स्पीडब्रेकर उतरला की एकदा, आणि सिंहगड रोडवर राहणाऱ्या माणसाला दिवसात किती स्पीडब्रेकर लागतात ते काही वेगळं सांगायला नको. रविवारी पार्किंगमध्ये गाडी उचलून खाली शिरलो तर सबफ्रेमचा (पुढच्या चाकांचे आर्म धरणाऱ्या खालच्या सांगाड्याचा) मागचा बोल्ट पूर्ण बसलेलाच नाही, वर तिरका. म्हणजे कोणीतरी हाताने दोन-चार आटे धरवायचे सोडून थेट इम्पॅक्ट गन (धक्के देत बोल्ट फिरवणारी मशीन) लावली होती. बोल्ट काढला तर त्याच्या आट्यांत तारेसारखा चकचकीत भुगा अडकलेला, आणि तो भुगा म्हणजे माझ्या चासीतल्या नटचे आटे. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, "आधीपासूनच तसं होतं." असो.

त्यानंतर दीड महिना या एका भोकाने मला जे शिकवलं ते लिहितोय. यात आपली सगळ्यात मोठी चूक होते ती घाईची, आटे गेले म्हटलं की लगेच ड्रिल, मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार), कॉइल (भोकात बसवायची तारेची गुंडाळी). खरं तर निम्म्या वेळा आटे गेलेलेच नसतात, घाण भरलेली असते किंवा तोंडाचा एखादा आटा वाकलेला असतो, आणि खरंच गेलेले असतील तर चुकीच्या मापाचा टॅप घालून आपणच ते पूर्ण घालवतो. एकदा ड्रिल फिरलं की मागे फिरता येत नाही, त्यामुळे सगळ्यात कमी काटछाटीचा उपाय पहिला आणि ड्रिल सगळ्यात शेवटी.

आधी हे भोक असतं कशाचं ते बघू. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर असल्या गाड्यांना खाली वेगळी शिडीसारखी चासी असते, पण आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानला तसली चासी नसतेच, बॉडी हीच चासी. पातळ पत्रे वाकवून पेटीसारख्या पोकळ पट्ट्या केलेल्या असतात आणि जिथे सबफ्रेम किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बसतो तिथे त्या पेटीच्या आतून नट वेल्ड केलेला असतो. त्याला वेल्ड नट म्हणतात. अडचण इथेच आहे, नट आत बंद, हात पोचत नाही, पाना लागत नाही. त्यामुळे आटे गेले तर नट बदलून टाकू असं सहज म्हणता येत नाही.

नक्की काय बिघडलंय ते ओळखा

चार प्रकार असतात आणि चारींचा इलाज वेगळा.

बोल्ट सुरुवातीला एक-दोन आटे धरतो आणि मग जड होतो, तर तोंडाचे आटे वाकलेत किंवा आत गंज, चिखल, कोटिंग भरलंय. बोल्ट जातो आत पण आवळताना नुसता फिरत राहतो आणि हळूहळू खाली येतो, तर आटे कापले गेलेत. बोल्ट फिरतो पण ना आत जातो ना बाहेर येतो, आणि पेटीच्या आतून करकर ऐकू येते, तर आटे ठीक असतील, नटचं वेल्ड सुटलंय. आणि चौथा, बोल्ट आतच तुटलाय.

तिसऱ्या प्रकारात लोक टॅप मारायला जातात आणि नट टॅपसोबत गरगर फिरतो. आधी टॉर्च लावून बघा. मोबाईलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, तो पेटीच्या बाजूच्या भोकातून आत घातला की नट फिरतोय का ते सरळ दिसतं. मला तरी या सगळ्या भानगडीत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

गाडीखाली जायच्या आधी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. दोन्ही बाजूला घोड्या (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड नको, नीट चोक (चाक अडवायचे ठोकळे) लावा, आणि सबफ्रेमचे बोल्ट एका वेळी एकच काढा. बऱ्याच गाड्यांत इंजिनचा एक माउंट सबफ्रेमवर असतो, सगळे बोल्ट सैल केले तर इंजिन खाली झुकतं. सबफ्रेम हलवण्याआधी तिच्या कडेने पेंटने खुणा करून ठेवा, नंतर जागेवर बसवताना कळतं.

माप, माप आणि माप

बोल्टचं माप म्हणजे नुसती जाडी नाही, पिच पण, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. १२ मिलीमीटरचा बोल्ट १.२५ पिचचा असतो, १.५ चा असतो आणि १.७५ चा पण असतो, आणि डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात. जपानी धाटणीच्या गाड्यांत १०×१.२५ आणि १२×१.२५ भरपूर सापडतात, हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "१२ चा टॅप द्या" म्हटलं तर तो बहुतेक १.७५ चा देईल, कारण स्टँडर्ड जाड आटा तोच. तो आत गेला की तुमच्या १.२५ च्या आट्यांचा चुराच.

पिच गेज शंभर-दोनशेत मिळतो, घ्या. नसेल तर बोल्टवर स्केल धरून दहा आटे मोजा, १२.५ मिलीमीटर भरले तर पिच १.२५, १५ भरले तर १.५. बोल्ट खराब झाला असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूचा तोच बोल्ट काढून मोजा, डावी-उजवी सारखीच असते. तो चांगला बोल्ट पिशवीत टाकून दुकानात न्या आणि तिथे नवीन नटमध्ये हाताने फिरवून बघा, शेवटपर्यंत बोटांनी गेला तरच माप बरोबर.

एक गंमत सांगतो. सीट बेल्टचे बोल्ट जगभर बहुतेक गाड्यांत मिलीमीटरमध्ये नसतातच, ते ७/१६ इंची असतात, इंचाला २० आटे. म्हणजे जाडी ११.११ मिलीमीटर आणि पिच १.२७. व्हर्नियर लावला की माणूस गोंधळतो, ११ चा बोल्ट कुठे असतो का म्हणतो, आणि मग हाताशी असेल तो टॅप घालतो. घालू नका. सीट बेल्टच्या नटबद्दल पुढे अजून बोलतोच.

टॅप, डाय, ड्रिलसाठी मी रविवार पेठेत बोहरी आळीत जातो, बोल्टसाठी नाना पेठेत. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी टॅप स्वस्त मिळतात खरे, पण वापरलेला टॅप नको, धार गेलेली असते आणि मोडतो. टॅप हायस्पीड स्टीलचाच घ्या, टोटेम किंवा अ‍ॅडिसन असल्या ओळखीच्या कंपनीचा. बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, पहिला आकडा ताकदीचा, १० म्हणजे साधारण १००० मेगापास्कलला तुटणार, आणि दुसरा सांगतो की त्याच्या किती हिश्श्याला तो कायमचा ताणला जायला लागतो, .९ म्हणजे ९०० ला. जुना १०.९ होता तर नवा १०.९ च, दुकानदार "हा पण चालतो हो" म्हणाला तरी.

पहिली पायरी, नुसती सफाई

ही पायरी लोक गाळतात. पुण्यात पावसाळ्याआधी खालून कोटिंग मारून घ्यायची पद्धत आहे, सगळे त्याला टेफलॉन म्हणतात, त्यात बऱ्याचदा काळं रबरासारखं काहीतरी असतं आणि मारताना भोकं कोणी झाकत नाही. ते आट्यांत वाळून बसतं. वर ताम्हिणीचा चिखल, कोकणात नेली असेल तर खारी हवा आणि गंज.

आधी बाटली धुवायच्या ब्रशसारखा गोल तारेचा छोटा ब्रश भोकात फिरवा, मग गंज सोडवणारं तेल मारा, डब्ल्यूडी फॉर्टी चालेल, आणि रात्रभर ठेवा. सकाळी परत ब्रश, मग हवा मारा. हवा मारताना चष्मा घाला, तोंडावर येतं सगळं. मग बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून फक्त बोटांनी लावून बघा. बोटांनी गेला तर काम झालं, घरी जा.

दुसरी पायरी, आटे सरळ करणं

साफ करूनही दोन आट्यांनंतर अडकत असेल तर आटे वाकलेत. इथे टॅप नको, चेसर हवा. टॅप धातू कापतो, चेसर वाकलेला आटा ढकलून जागेवर आणतो आणि असलेला माल कमी करत नाही. विकत मिळतो, पण मी घरीच केला. त्याच मापाचा १०.९ चा नवा बोल्ट घ्या, पुढचे दोन-तीन आटे ग्राइंडरवर थोडे निमुळते करा, आणि एक मिलीमीटरच्या कटिंग डिस्कने बोल्टच्या लांबीला तीन-चार उभ्या खाचा पाडा, आट्यांच्या खोलीपेक्षा थोड्या जास्त. खाचांच्या कडांना बारीक बर (धातूची कुसळं) येते, ती घालवायला त्यावर एक नवा नट पूर्ण फिरवून काढा. झाला चेसर, घाण त्या खाचांत जमा होते.

आता कसब आहे ते सुरुवातीला. तेल लावून चेसर भोकाला टेकवा आणि आधी उलटा फिरवा, सैल करायच्या दिशेने, दाब न देता. एका जागी टक् असा बारीक धक्का लागतो, म्हणजे आट्याचं तोंड सापडलं. तिथूनच सुलट फिरवायला सुरुवात. ही सवय एरवी प्रत्येक बोल्टला लावली तर असला लेख वाचायची वेळ येणार नाही. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, जड झालं की काढून पुसायचं, परत तेल. छोटा रॅचेट किंवा टी-हँडल वापरा, लांब पाइप लावू नका, हाताला कळलं पाहिजे आत काय चाललंय.

पेटीला वरून किंवा बाजूने भोक असेल आणि चेसर मागून नटमध्ये घालता येत असेल तर सोन्याहून पिवळं. मागचे आटे कधी वापरात आलेले नसतात, चांगले असतात, चेसर तिथे सरळ धरतो आणि तोंडाच्या खराब आट्यांपर्यंत आपोआप सरळ पोचतो.

नंतर तपासणी. बोल्ट बोटांनी पूर्ण जाऊन काम संपत नाही. बोल्ट आवळताना भार सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही, तोंडाकडचे पहिले तीन-चार आटेच बहुतेक भार घेतात, आणि आपले खराब झालेले नेमके तेच. एखादा आटा गेला तर चालतं, तीन गेले तर जपून. टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की कट् वाजणारा) सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला लावा आणि हळूहळू आवळा. पाना कट् वाजला तर ठीक. वाजायच्या आधी बोल्ट मऊ लागायला लागला, लोण्यात फिरल्यासारखा, तर थांबा, आटे सोडतायत. माझं तेच झालं. चेसरने बोल्ट मस्त गेला, मी खूश, आणि टॉर्कला निम्म्यातच मऊ.

तिसरी, टॅप आणि कॉइल

बरोबर मापाच्या टॅपने परत आटे पाडणं हे चेसरनंतरचं पाऊल, पण त्याने गेलेला माल परत येत नाही एवढं लक्षात ठेवा. सेटमध्ये तीन टॅप येतात, त्यातला सगळ्यात निमुळता आधी. कटिंग ऑइल नसेल तर इंजिन ऑइल चालेल. टॅप तिरका झाला आणि जोर लावला की मोडतो, आणि मोडलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही कारण तो ड्रिलइतकाच कडक. भोसरीत स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू खाणारी मशीन) साच्यांमधून मोडलेले टॅप काढून देतात, पण तिथे अख्खी गाडी कशी चढवणार.

कॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, हेलिकॉइल म्हणून ओळखतात. जुने आटे ड्रिलने काढायचे, किटमधल्या खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यात गुंडाळी बसवायची की आत परत मूळ मापाचे आटे. ८×१.२५ ला साधारण ८.३ चं ड्रिल लागतं, १०×१.२५ ला १०.३, १२×१.२५ ला १२.३, पण किटवर छापलेलं असेल तेच अंतिम. ड्रिल सरळ राहणं हाच सगळा खेळ आहे, त्यासाठी लेथवाल्याकडून लोखंडाच्या ठोकळ्यात त्याच मापाचं सरळ भोक पाडून आणा आणि तो ठोकळा क्लॅम्पने लावून त्यातून ड्रिल घाला. स्पीड कमी. ड्रिल एकदम धरून मनगट पिरगळतं, दोन्ही हातांनी धरा. कॉइल तोंडापासून पाव ते अर्धा फेरा आत जाईपर्यंत फिरवायची, मग तळाची शेपटी पंचने मोडायची आणि चुंबकाने बाहेर काढायची, नाहीतर ती पेटीत आयुष्यभर खुळखुळेल.

आता माझं मत. गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमला कॉइल हा उत्तम इलाज आहे. चासीतल्या वेल्ड नटला मात्र हिशोब करून बघा. १२ चा वेल्ड नट समोरासमोरच्या बाजूंना साधारण १८-१९ मिलीमीटर असतो. कॉइलसाठी पाडलेले आटे बाहेरून साडेतेराच्या वर जातात. म्हणजे नटची भिंत उरली कशीबशी अडीच मिलीमीटर, ती पण गंजलेली असली तर विचारू नका. ब्रॅकेट, स्किड प्लेट, सायलेन्सरचा हँगर, इथे बिनधास्त कॉइल घाला. सबफ्रेम आणि लोअर आर्मला मी नवा नट वेल्ड करून घेईन. सीट बेल्टला कॉइल नाहीच, रिव्हनट (रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट) तर अजिबातच नाही, तिथे एकतर मूळ आटे चेसरने साफ होतात नाहीतर बॉडी शॉप. आणि १२ चं भोक वाढवून १४ चा बोल्ट टाकू म्हणणाऱ्यांना एकच विचारा, बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतली नळी १२ ची आहे, तिच्यातून १४ चा जाणार कसा? एम-सील आणि टेफलॉन टेपबद्दल मी काही बोलत नाही.

चौथी, नवा वेल्ड नट

हे मी स्वतः केलं नाही, धायरीतल्या एका वेल्डर काकांकडून करून घेतलं आणि पूर्ण वेळ शेजारी उभा राहिलो. घरी करायचं काम नाही, पण काय बघायचं ते माहीत हवं, कारण घाईत केलं तर पुढच्या वेळी नट नाही, पत्राच फाटेल.

गेल्या गेल्या काकांनी विचारलं, "सीएनजी आहे का?" पुण्यात बऱ्याच गाड्यांना असतो आणि पाइप खालूनच जातो. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, लाइनमधला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवायचं, आणि पाइप त्या जागेजवळ असेल तर सीएनजीवाल्याकडून सोडवून घेतल्याशिवाय ठिणगी नाही. पेट्रोलची लाइन कुठून जाते ते पण बघा. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, कार्पेट आणि खालचा फोम बाहेर, शेजारी अग्निशामक आणि ओलं पोतं.

पेटीला वरून, केबिनच्या बाजूने, खिडकी कापली. कोपरे काटकोनात नाही ठेवले, चारी कोपऱ्यांना आधी गोल भोकं पाडली आणि मग मधलं कापलं, काटकोनी कोपऱ्यातून पत्रा पुढे तडकतो. पेटीची घडी आणि कडा सोडून मधला सपाट भागच घेतला. जुन्या नटचं वेल्ड ग्राइंड करून नट काढला, खालचं भोक गंजून मोठं झालं नव्हतं, झालं असतं तर आधी जाड पट्टी लावावी लागली असती.

मी नाना पेठेतून १० ग्रेडचा चकचकीत नट नेला होता. काकांनी हातात घेऊन परत दिला. "दादा, हा नको. याला उष्णता दिली की तडकतो, आणि वरचं झिंक जळलं की धूर छातीत जातो." वेल्ड नट वेगळाच असतो, कमी कार्बनच्या पोलादाचा आणि बिना प्लेटिंगचा, म्हणून वेल्ड नीट धरतो. नट जागेवर राहावा म्हणून खालून जुना चांगला बोल्ट कॉपर ग्रीस लावून हलकासा आवळला, सबफ्रेम खुणांवर आहे का बघून मग चार ठिकाणी टाके मारले, आणि लगेच सबफ्रेम थोडी खाली घेतली, नाहीतर बुशचं रबर जळतं. उरलेलं सीओटू वेल्डिंग थोडं थोडं, समोरासमोर. मध्येमध्ये बोल्ट थोडा सैल करून फिरतोय ना ते बघत होते. पाणी ओतून गार करायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. मग खिडकीचा पत्रा परत बसवून पूर्ण शिवण वेल्ड, वर झिंक प्रायमर, सीलर, आणि पेटीच्या आत मेणाचा स्प्रे. हा स्प्रे कोणी करत नाही आणि मग तीन पावसाळ्यांत तीच जागा गंजते, त्यामुळे मागे लागून करून घ्या.

नटचं वेल्ड सुटून तो फिरतोय, म्हणजे वरचा तिसरा प्रकार, त्याचाही इलाज हाच, फक्त आटे चांगले असतील तर तोच नट परत वेल्ड होतो.

तुटलेल्या बोल्टबद्दल थोडक्यात. इझी-आउट नावाचं ते कडक पिळाचं हत्यार गंजलेल्या बोल्टला लावू नका, आत मोडलं तर मोडलेल्या टॅपचीच गत. तुटका भाग थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा, उष्णतेने गंजही सुटतो, आणि लाली जाऊन गार झाल्यावर पान्याने हळूहळू पुढेमागे. आत तुटला असेल तर मधोमध पंच मारून उलट्या दिशेचं ड्रिल वापरा, बऱ्याचदा ड्रिलच बोल्ट बाहेर घेऊन येतं.

परत बसवताना

बोल्ट नवा. चारही बोल्ट आधी हाताने अर्धे लावा, मग खुणा जुळवा, मग टॉर्क पाना, इम्पॅक्ट गन लांब ठेवा. आट्यांना अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा ग्रीस लावायचं का, यावर वाद घालणारे भरपूर आहेत. कंपनीचा टॉर्क जर कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून मी आटे कोरडे ठेवतो आणि गंज लागू नये म्हणून आवळून झाल्यावर बाहेरून मेण मारतो. लॉकटाइट (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, आणि निळं. लाल लावलं तर पुढच्या वेळी काढायला अडीचशे डिग्रीपर्यंत गरम करावं लागेल, बुशच्या शेजारी.

आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून सबफ्रेमवर पेंटची एक सरळ रेघ ओढा. आठवड्याने टॉर्च घेऊन बघा, रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. माझी आठ महिने झाले जागेवर आहे, दोन वेळा कोकणात जाऊन आली गाडी. सबफ्रेम हलली असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, माझं स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं, ते अलाइनमेंटने गेलं.

घरी केलेला तो चेसर तेल लावून कापडात गुंडाळून डिकीत टाकलाय. सोसायटीतल्या दोघांनी आत्तापर्यंत मागून नेला, आणि एकाने तो १.५ च्या भोकात घालायचा प्रयत्न केला म्हणून आता त्यावर पंचने १.२५ कोरून ठेवलंय.